मोडासाठी एक इंच

मजीदच्या टेबलावर: एक शिक्का

मेंटेनन्सच्या ऑफिसात मजीद फोनवर बसायचा. त्याच्या टेबलावर रबराचा एकच शिक्का होता आणि शिक्क्यावर दोनच शब्द: नॉट कूलिंग. एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंत फोन वाजायचा, पलीकडचं माणूस कळवळायचं, मजीद व्हिलाचा नंबर लिहायचा आणि ठप्प. दोह्यात एसीबद्दल कोणी दुसरी काही तक्रार करील हे त्या शिक्क्याला ठाऊक नव्हतं. मजीदला तरी कुठून असणार?

पण दोन हजार आठचा जानेवारी निराळाच निघाला. वारा असा सुटला की बसस्टॉपवर माणसं कानाला टॉवेल गुंडाळून उभी राहू लागली. जुने ड्रायव्हरसुद्धा म्हणत होते, अशी थंडी पाहिली नाही. त्या आठवड्यात दुहैलच्या कंपाउंडमधून बेट्टीचा फोन आला. बेट्टी हॉस्पिटलात नर्स, वसईची, बोलायची घाईत.

"भैया, मदर का रूम बहुत ठंडा है."

मजीदच्या कानाला जेवढ्याची सवय होती तेवढंच त्यानं ऐकलं. मदर. रूम. ठंडा. ठप्प.

पहिला मेकॅनिक आला. बघतो तर यंत्र हीटिंगवर. त्यानं कपाळाला हात लावला, कूलिंगवर टाकलं, अठरावर आणलं आणि गेला. बेट्टीनं ते पुन्हा फिरवलं आणि पुन्हा फोन केला. ठप्प. दुसरा आला, त्यानं गॅस भरला. तिसऱ्यानं निदान थर्मामीटर आणलं होतं. शिडीवर चढून त्यानं छताजवळच्या जाळीशी धरलं, अठ्ठावीस भरले. मग कार्डावर लिहिलं: मशीन ओके, डक्ट चेक करो.

आणि म्हणून, केवळ म्हणून, चौथ्या वेळी डक्टवाला निवृत्ती गेला.

पत्र्यावर: दुसऱ्याची रेघ

निवृत्ती बार्शीकडचा. कतारला येऊन त्याला अकरा वर्षं झाली होती. इंडस्ट्रियल एरियातल्या वर्कशॉपमध्ये तो पत्रा कापायचा, दुमडायचा, हवा वाहून नेणारे डक्ट जोडायचा. पण पत्रा कुठे कापायचा हे त्यानं कधी ठरवलं नव्हतं. ती रेघ सुपरवायझर नसरुद्दीनची. नसरुद्दीनच्या शर्टाच्या खिशात काळा मार्कर असायचा. त्या मार्करला दुसऱ्याचा हात लागलेला कोणी पाहिला नव्हता. नसरुद्दीन रेघ मारी, निवृत्ती रेघेवरून कात्री चालवी, आणि ती कात्री इतकी सरळ चालायची की कापलेल्या कडेवर मार्करचा अर्धा काळेपणा इकडे, अर्धा तिकडे राही.

फेब्रुवारीत नसरुद्दीन मेसईदच्या कामावर जाणार होता. दोह्यातला मार्कर कोणाच्या तरी खिशात जाणारच. निवृत्तीनं सगळा धीर गोळा करून विचारलं होतं, "साब, मार्किंग मैं करूं?"

नसरुद्दीन हसला होता. वाईट हसला नव्हता, हेच जास्त लागलं. "काटने वाला काटे, निवृत्ती. लाईन का दिमाग अलग होता है."

अकरा वर्षं दुसऱ्याची रेघ. आता स्वतःची एकदा मारायचीच, एवढंच त्याच्या डोक्यात घोळत होतं. मंगळवारी सकाळी शिडी खांद्यावर घेऊन तो दुहैलच्या त्या व्हिलात शिरला तेव्हाही तेच.

जमिनीपासून चार इंचांवर: सोळा

खोली चांगली होती. पलंग, पडदे, भिंतीत बसवलेलं, छताला हातभर कमी पडणारं कपाट. बाथरूमच्या पोकळ छतात यंत्र, बाथरूमच्या दाराच्या वर गरम हवेची जाळी, आणि तिच्यापासून चार फुटांवर, छतातच, हवा परत घेणारी दुसरी जाळी. ती रिटर्न. सगळं ड्रॉइंगबरहुकूम.

आणि जमिनीवर चटई टाकून, दोन स्वेटर, एक शाल आणि सुनेचे हॉस्पिटलचे पायमोजे घालून सत्तरीच्या सिमोनाबाई बसल्या होत्या. समोर परातीत भिजवलेले वाल. एक-एक वाल उचलून त्या बघत होत्या आणि परत टाकत होत्या.

"आला आणखी एक," त्या परातीला म्हणाल्या. "आता बर्फच टाकणार वाटतं."

निवृत्तीनं शिडी उघडली. "बर्फ संपला, मावशी. नुसती शिडी आणलीय."

सिमोनाबाईंचा हात थांबला. "मेल्या, मराठी आहेस होय! मग दारापासनं भैया-भैया काय चाललं होतं?"

"तुमच्या सूनबाईंनी सुरू केलं. मी आपलं चालू ठिवलं."

दारात उभी बेट्टी हसली. "मला काय माहीत हो. मागचे तिघं पेशावरचे नि केरळचे. आईंना सांगून सांगून दमले, भाऊ, की पलंगावर बसा. ऐकतच नाहीत."

"पलंग झोपायला असतो," सिमोनाबाई म्हणाल्या. "वाल काय पलंगावर बसून सोलायचे? सोलायचे तर मोड यायला हवेत, आणि पाच-पाच दिवस झाले तरी मोड नाहीत. दगड झालेत मेले. माझे गुडघे पण दगड. शनिवारचं रिटर्न तिकीट काढलंय माझ्या पॅट्रिकनं. जाते बापडी गावी, निर्मळला. इस्टरनंतर नातीचं पहिलं कम्युनियन, मार्चात नवीन चर्च उघडणार, ते सगळं बघायचं म्हणून आले होते. आता फोटो पाठवा."

"आई, असं नका ना बोलू," बेट्टी म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला. ऑफिसच्या फोनवर कुणी तो आवाज ऐकला असता तर कदाचित शिक्का मारला नसता.

आठ वर्षांची मेलिसा शाळेच्या कपड्यांत दारातून डोकावली. आजीनं विचारलं, "तू राहणार ना गं माझ्याविना?"

"नो वे, आजी," मेलिसा म्हणाली आणि बस पकडायला पळाली.

निवृत्तीनं बूट काढले होते. फरशीची थंडी पायमोज्यातून वर चढत होती. तो शिडीवर चढला. तिसऱ्या पायरीला गुडघे सुखावले. सहाव्या पायरीवर कपाळाला घाम आला. डोकं उन्हाळ्यात आणि पाय हिवाळ्यात ठेवून तो तसाच उभा राहिला. मग थर्मामीटरची तार खाली सोडली. वर अठ्ठावीस. कमरेच्या उंचीला एकवीस. खाली, सिमोनाबाईंच्या पायमोज्यांपाशी, सोळा.

जाळीतून गरम हवा निघत होती, छताला चिकटून चार फूट जात होती आणि रिटर्नमध्ये परत घुसत होती. खाली उतरायचं तिला काही कारणच नव्हतं. आणि यंत्राचं मोजमाप रिटर्नच्या तोंडाशी. त्याला अठ्ठावीस दिसले की ते समजे, खोली तापली, आणि हीटर बंद करून निवांत बसे.

"ताई," निवृत्ती वरून म्हणाला, "कपाटाच्या माथ्यावर कायतरी हाय. फडक्यात बांधलेलं." त्यानं हात लांब केला. गोधडीच्या घडीमागे

कपाटाच्या माथ्यावर: मोड दोन इंच

एक पुरचुंडी होती. बेट्टीनं जीभ चावली. "अय्या! गेल्या गुरुवारी फरशी पुसताना मी वर ठेवली ती. विसरलेच."

सिमोनाबाईंनी गाठ सोडली. आतून वालांचं जंगल बाहेर आलं. पांढरे, जाड, दोन-दोन इंचांचे मोड एकमेकांत गुंतलेले, आणि टोकांना हिरवी पानं फुटायला लागलेली. सोलायच्या पलीकडे गेलेले. पेरायच्या लायकीचे.

परातीतले वाल तसेच गप्प, टक्कल पडल्यासारखे. तेच वाल, एकाच पिशवीतले, एकाच घरातले. पाच दिवस खाली होते ते दगड, पाच दिवस वर होते ते रान.

"मावशी," निवृत्ती हळूच म्हणाला, "तुमची समदी ऊब हिकडं वर राहायलीय."

"आणि मी खाली."

"तुम्ही खाली. आता असं बघा, हौद रिकामा करायचा तर भोक कुठं पाडतात?"

"तळाला. बूच तळालाच असतं."

"थंडी पाण्यावानी खाली साचलीय. आणि आपलं भोक हाय छतात. ती निघंल कशी?"

सिमोनाबाईंनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मग पाड की भोक. शिडी काय शोभेला आणलीस?"

नकाशात: वर

भोक पाडायचं तर नसरुद्दीनला विचारायला हवं. नसरुद्दीन बुधवारी सकाळी आला. उंच माणूस, इस्त्रीचा शर्ट, खिशात मार्कर. त्यानं ड्रॉइंग पलंगावर पसरलं आणि बोट ठेवलं. "ये देख. रिटर्न ऊपर. पूरे कंपाउंड में ऊपर. कतर में रिटर्न ऊपर रहता है."

"ड्रॉइंग गर्मी में बनाया होगा, साब," निवृत्ती म्हणाला.

नसरुद्दीननं मान वळवली. अकरा वर्षांत निवृत्ती त्याला असं बोलला नव्हता.

"गर्मी का काम अलग है," आता सुरू झालंच आहे तर निवृत्ती थांबेना. "ठंडी हवा खुद नीचे गिरती है, ऊपर से गरम निकालो तो बराबर. अभी उल्टा मांगता है. ठंडी नीचे बैठी है. नीचे से खींचो, तो गरम को उतरना पड़ेगा. कपाट के अंदर से डक्ट उतारूंगा, एकदम नीचे जाळी. ऊपर वाली को सरकने वाला झाकण. सर्दी में बंद, गर्मी में खुला. खलास."

"ग्यारह साल पत्रा काटा, अब हवा भी काटेगा?"

"काय म्हणतोय हा उंच?" सिमोनाबाईंनी चटईवरून विचारलं.

"म्हणतेत, नकाशात भोक वर हाय."

"मग म्हणावं, नकाशावर येऊन बस इथे माझ्याशेजारी."

बेट्टीनं ते हिंदीत सांगितलं, जमेल तितकं मऊ करून. नसरुद्दीनला हसू आलं ते त्यानं मिशीत ठेवलं. निवृत्तीनं थर्मामीटर पुढे केलं, तर तो म्हणाला, "ये तो तेरे हाथ में है. हाथ ऊपर, गरम. हाथ नीचे, ठंडा."

तेव्हा सिमोनाबाईंनी परात पुढे सरकवली. "हाताचं नको ना? हे घे. वाल कोणाच्या हातात नसतात. आज रात्री भिजत घालते, उद्या दुपारी बांधते, पुरचुंडी जमिनीवर ठेवते. शनिवारी सकाळी उघडू. मोड आले तर याचं खरं. नाही आले तर तुझं खरं, आणि मी संध्याकाळच्या विमानात."

बेट्टीनं भाषांतर केलं. नसरुद्दीननं कालची पुरचुंडी हातात घेतली, ते रान उलटंसुलटं करून पाहिलं, कपाटाच्या माथ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग ड्रॉइंगची घडी केली, खिशातून मार्कर काढला आणि निवृत्तीसमोर धरला.

"कपाट की जिम्मेदारी मेरी. लाईन तेरी. कार्ड पर नाम भी तेरा. शनिवार को बीज नहीं फूटा, तो नया तख्ता लगा के देगा, और मार्किंग का नाम फिर कभी नहीं लेगा. मंजूर?"

निवृत्तीनं मार्कर घेतला. इतका हलका असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

कोऱ्या पत्र्यावर: काही नाही

वर्कशॉपमध्ये पत्रा टेबलावर होता. आठ फूट बाय चार, चकचकीत, त्यात निवृत्तीचा चेहरा धुरकट दिसत होता.

त्यानं टोपण काढलं. लावलं. काढलं.

कात्री हातात असली की त्याला रेघ दिसायची आणि हात आपोआप जायचा. आता हात तयार, रेघ नाही. पत्र्याला कुठूनही सुरुवात करता येते, आणि हेच कठीण होतं. शेजारच्या टेबलावरची मंडळी कामाच्या आडून बघत होती. कोणी तरी म्हणालं, "यल्ला, चलो, इंजिनिअर साब."

त्यानं डोळे मिटले आणि सिमोनाबाईंची खोली आठवली. पायमोजे. तिथून वर. चार इंचांवर जाळीची खालची कड. दहा इंच रुंद, आठ इंच खोल. कपाटाचा कोपरा. मग छत. मग आडवं वळण यंत्राकडे. हवा जशी जाईल तसा तो गेला, खालून वर, आणि डोळे उघडून

रेघ.

वाकडी नव्हती. दुसरी मारली. डक्टचे तुकडे त्यानं जन्मभर दुमडले होते, जुन्या मापाचे नमुने भिंतीला टांगलेले होते, त्यामुळे तिथे अडलं नाही. सरकत्या झाकणाला मात्र नमुना नव्हता. ते त्याच्याच डोक्यातून आलेलं. वरच्या जाळीचं भोक चौदा बाय चौदा. त्यानं चौदा बाय चौदा मारलं आणि स्वतःचीच रेघ स्वतःच कापली. कडेवर अर्धा काळेपणा इकडे, अर्धा तिकडे.

कागदाचा तुकडा: चिकटत नाही

गुरुवारी सकाळी कपाट रिकामं केलं. सिमोनाबाईंची लाल लुगडी, रोझरी, खजुराची पाकिटं, अर्धी भरलेली बॅग. निवृत्तीनं कपाटाच्या बाजूच्या फळीवर, खाली, मार्करनं चौकोन मारला. करवत लावण्याआधी क्षणभर थांबला. बेट्टीनं डोळ्यांवर हात ठेवला. सिमोनाबाई म्हणाल्या, "काप रे. कपाट माझ्या बापाचं नाही."

दुपारपर्यंत डक्ट कपाटाच्या पोटातून खाली उतरला. जाळी बसली. वर, जुन्या रिटर्नच्या मागे, छताच्या अंधारात हात घालून त्यानं झाकण सरकवलं. यंत्र चालू केलं. हीटिंगवर.

मेलिसा शाळेतून आली होती. निवृत्तीनं तिला कागदी रुमालाचा तुकडा दिला. "जाळीला लाव, बाळा. हवा आत वढत आसंल तर चिकटंल."

मेलिसा पोटावर पालथी पडली आणि तुकडा जाळीला लावला. सोडला. तुकडा फरशीवर पडला.

"इट्स नॉट स्टिकिंग, अंकल."

"पुन्यांदा लाव."

पुन्हा पडला. निवृत्ती स्वतः आडवा झाला, गाल जाळीपाशी नेला. एखादं दमेकरी माणूस श्वास घेईल तेवढीच ओढ होती. त्यानं खालचा जोड तपासला. वळण तपासलं. टेप दाबून बघितली. सगळं बरोबर होतं आणि हवा चढत नव्हती. तास गेला. चार इंचांवर: सोळा. साडेसोळा. सोळा.

फोन वाजला. नसरुद्दीन. निवृत्तीनं पाहिलं आणि वाजू दिला.

लाईनचं डोकं वेगळं असतं म्हणतात. असेलही. फरशीवर पालथा पडून, एका कागदाच्या तुकड्याकडे बघत, त्याला पहिल्यांदा ते खरं वाटायला लागलं.

मागे सिमोनाबाई सुनेवर ओरडत होत्या. बेट्टी भिजलेले वाल फडक्यात बांधत होती, ड्रेसिंग बांधावं तसं, नीट, आवळून.

"अगं एवढं घट्ट नाही! हॉस्पिटल आहे का हे? मोडाला जागा सोड. मोडाला जागा सोडावी लागते, नाही तर येणार कुठून?"

"व्हॉट्स मोड?" मेलिसानं विचारलं.

"तो फुटतो ना गं, वाकडा, पांढरा,"

निवृत्ती उठून बसला.

मोडाला जागा.

पत्र्याची कड दुमडतात त्यालाही तो मोडच म्हणायचा. बार्शीच्या बाजारात मामाच्या दुकानात डबे करायला शिकला तेव्हापासूनचा शब्द. आणि मोडाला पत्रा लागतो. दोन्ही कडा अर्धा-अर्धा इंच दुमडल्या की चौदाचे तेरा राहतात. नसरुद्दीनच्या रेघेत तो इंच आधीच धरलेला असे. अकरा वर्षं निवृत्तीनं तो इंच कापला होता, दुमडला होता, पण मोजला कधीच नव्हता. कापणाऱ्याला मोजावा लागतच नाही.

तो शिडीवर गेला, जाळी काढली, बॅटरी मारली. छताच्या अंधारात झाकणाशेजारी एक फट होती. सरळ, लांब, बरोबर एक इंच रुंद. यंत्र वरची गरम हवा तिथूनच गटागटा पीत होतं. खालून कष्ट करून थंडी ओढायची त्याला गरजच काय?

"मावशी," तो वरून ओरडला, "मोड ऱ्हायला!"

"कुणाचा?"

"माझा!"

काय ते कोणाला कळलं नाही. तो तोवर गाडीकडे धावला होता. उरलेल्या पत्र्यावर त्यानं मार्करनं रेघ मारली, मग एक इंच पुढे दुसरी, आणि दुसरीवरून कापलं. पट्टी दुमडली, झाकणाला रिबिटं मारली, परत वर चढला, सरकवलं. खट्. असा आवाज आधी आला नव्हता.

मेलिसा पालथी पडलीच होती. तिनं तुकडा धरला. सोडायच्या आधीच तो तिच्या बोटांतून निसटला आणि जाळीला चपकन चिकटला. सपाट. चार कोपरे ताणून.

"आजी! लुक! लुक! आजी, बघ!"

मेलिसा मराठीत बोलली हे तिच्या आईच्या लक्षात आलं. बाकी सगळे कागदाच्या तुकड्याकडे बघत होते.

नसरुद्दीनचा फोन पुन्हा वाजला. या वेळी निवृत्तीनं उचलला. "हां साब. सब बराबर. मोड का एक इंच भूल गया था, निकाल दिया."

मग नसरुद्दीन म्हणाला, "मैंने मेरी पहली लाईन में दो भूले थे," आणि फोन ठेवला.

शुक्रवार: मोजलं नाही

सुट्टी होती. निवृत्तीनं कपडे धुतले, डाळ-भात केला, आणि दिवसभर वालांचा विचार केला.

जमिनीपासून चार इंचांवर: बावीस

शनिवारी सकाळी खोलीत पाच माणसं होती आणि पॅट्रिक, ज्याच्या हातात आईच्या तिकिटाचं पाकीट होतं. नसरुद्दीननं बूट काढले. पायमोज्यांनी दोन पावलं टाकली आणि खाली बघितलं, जणू फरशी कोणी बदलली आहे. थर्मामीटर मागितलं, या वेळी स्वतःच्या हातात धरलं, स्वतः वाकला. बावीस. शिडीवर चढला. वर चोवीस.

"अब बीज," तो म्हणाला.

सिमोनाबाईंच्या अंगावर एकच स्वेटर होता. त्यांनी पुरचुंडी मांडीवर घेतली. गाठ सैल होती, तरी त्यांनी सावकाश सोडली, प्रसाद उघडावा तशी. निवृत्तीला फडक्याकडे बघवेना. तो छताकडे बघत राहिला, मग कपाटाकडे, मग मेलिसाच्या तोंडाकडे. आणि आधी त्याला मेलिसाचं तोंड उघडलेलं दिसलं.

मोड आले होते. अर्ध्या इंचाचे, जाड, पांढरेशुभ्र, प्रत्येक वालाला एक, टोकाशी किंचित वळलेले. सोलायला हवेत तस्से, ना कमी ना जास्त.

"बघ रे उंच माणसा," सिमोनाबाई म्हणाल्या आणि मूठभर वाल नसरुद्दीनच्या तळहातावर ठेवले. यासाठी भाषांतर लागलं नाही.

नसरुद्दीननं एक वाल उचलला, डोळ्यांजवळ नेला. दुसरा. तिसरा. वर्कशॉपमध्ये तो जोड असे तपासायचा. मग तो चक्क फरशीवर मांडी घालून बसला, सिमोनाबाईंच्या समोर, जाळीपाशी, इस्त्रीच्या पँटसकट. आणि मोठ्यानं हसला. हे हसू निवृत्तीनं अकरा वर्षांत ऐकलं नव्हतं.

"निवृत्ती," तो म्हणाला, "वो मार्कर तेरे पास ही है ना?"

निवृत्तीचा हात खिशाकडे गेला. "हां साब." परत द्यायला त्यानं तो काढला.

"निकाल क्यों रहा है? रख."

पॅट्रिक तोवर पाकीट हातात फिरवत उभा होता. "मग आई? तुझ्या रिटर्नचं काय करू?"

"माझं रिटर्न?" सिमोनाबाईंनी वालाचं साल चिमटीत धरून सुळकन काढलं आणि कपाटाच्या जाळीकडे हनुवटी उडवली. "ते काय, मिळालं. दुसरं कशाला? जा, नारळ आण, बिरडं करते. आणि या दोघांना दुपारी जेवल्याशिवाय सोडू नका. हा उंच आहे, याला जास्त लागेल."

मजीदच्या टेबलावर: शिक्का नाही

त्या दुपारी बिरड्याचा वास कंपाउंडच्या भिंतीवरून गेला आणि त्याच्या मागोमाग बातमी. रविवारी सकाळी मजीदचा फोन सुरू झाला. अकरा नंबर: मेरे बच्चों का रूम ठंडा है. चार नंबर: वो नीचे वाला रिटर्न हमको भी. बावीस नंबर: जिनके घर में बीज उगा, वैसा.

मजीदनं शिक्का उचलला, दोन्ही शब्द वाचले आणि बाजूला ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा तो तक्रार हातानं लिहीत होता. नऊ तक्रारी झाल्या. प्रत्येकीच्या शेवटी त्यानं तेच लिहिलं: निवृत्ती को भेजो, मार्कर के साथ.

त्याच वेळी वर्कशॉपमध्ये कोरा पत्रा टेबलावर आला. शेजारची मंडळी हातातलं काम ठेवून उघड बघत होती. या वेळी कोणी यल्ला म्हटलं नाही. निवृत्तीनं टोपण काढलं, दातांत धरलं आणि रेघ मारली. एका दमात, टोकापासून टोकापर्यंत.

मग त्यानं कात्रीकडे हात नेला तर कात्री जागेवर नव्हती. ती नसरुद्दीनच्या हातात होती. बाह्या दुमडून तो टेबलाच्या पलीकडे उभा.

"ला," तो म्हणाला. "आज मैं काटता हूं. कहां से?"

"रुको साब," निवृत्ती म्हणाला, आणि पहिल्या रेघेच्या पुढे, बरोबर एक इंचावर, दुसरी रेघ मारली.

"यहां से."